हातोडा म्हणजे काय, मला ठाऊक आहे

१ डिसेंबर, सकाळी ९
निवृत्तीला सहा महिने झाले. निरोपाला शाल-नारळ दिला, त्यानंतर रिसोडात मला कोणी काही विचारलेलं नाही. काल पेपरात वाचलं, २२ तारखेला वाशीमला ज्येष्ठांच्या जिल्हा मैदानी स्पर्धा. फोन लावला. साठ वर्षांवरील हातोडाफेकीत अजून एकही नाव नाही. म्हणजे गोल्ड मेडल माझंच. नाव देऊन टाकलं. अठ्ठावीस वर्षं सरकारी स्टोअर सांभाळलं, हजारभर हातोडे इश्यू केले. हातोडा म्हणजे काय, हे मला कोणी शिकवू नये.
उद्यापासून पाचला उठणे.

२ डिसेंबर, सकाळी ८.४०
उठलो. थंडी फार. सवय हळूहळू लावावी.

४ डिसेंबर
घरातला दोन किलोचा हातोडा काढला. लाकडी दांडा, उत्तम बॅलन्स. बायको लिला म्हणाली, कायले उचकापाचक करून राह्यले, कंबर धरून बसान. ती रिठद गावच्या शेतात वाढलेली, तिला स्पोर्ट्समधलं काय कळणार?

७ डिसेंबर, संध्याकाळ
मागच्या पडीक प्लॉटवर पहिला थ्रो. अंतर छान. दिशा किंचित चुकली. हातोडा शेजारच्या देवमनच्या पाण्याच्या टाकीत शिरला. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, असं त्याला समजावलं. तो म्हणे, घाव टाकीले बसला भाऊ, मंग देवपण तुमाले काहून? माणसाला विनोद कळतो, ध्येय कळत नाही. एम-सील लावून दिलं.

१० डिसेंबर
पुण्याहून मुलीने, सरिताने, व्हिडिओ पाठवला. बाबा, हातोडाफेक अशी असते म्हणे. पाहिला. एक धिप्पाड माणूस तारेला बांधलेला लोखंडी गोळा गरगर फिरवून सोडतो. ही गोळाफेकच, फक्त तार जास्तीची. तिला कळवलं, इंटरनेटवरचं सगळंच खरं नसतं.

१४ डिसेंबर
खांदा दुखतो. तूर्त मनातल्या मनात सराव. देवमन आमच्या बुद्धविहाराच्या समितीचा अध्यक्षही आहे. त्याला म्हटलं, विहारात २८ तारखेला गुणवंतांचा सत्कार आहे, त्यात माझं नाव घाल. पयले मेडल त भेटू द्या, म्हणाला. शेवटी यादीत नाव मीच लिहिलं. भाषण तयार आहे. चार पानं.

२१ डिसेंबर
लिलाही येते म्हणाली. पडले-गिडले त घरी आणाले कोनी पायजे, म्हणे. येऊ दे. मेडल घेताना फोटो काढायला माणूस लागेलच.

२२ डिसेंबर, दुपारी ४, परतीची एसटी
अक्षर हलतंय. मैदानावर हातोडा नव्हताच. तारेला बांधलेला पाच किलोचा गोळा होता. पंचांना पिशवीतला माझा हातोडा दाखवला. काका, हा कामाचा आहे, म्हणाले आणि झेंड्या ठोकायला घेऊन गेले.
पहिला थ्रो मागच्या जाळीत. दुसराही. तिसऱ्याला गोळा जागेवर राहिला, मी वर्तुळाबाहेर गेलो. तिन्ही फाउल. एकटाच स्पर्धक, तरी नंबर नाही. असला नियम आयुष्यात ऐकला नव्हता.
मग पंचांनी लिलाला सहज विचारलं, महिलांत कोणीच नाही काकू, फेकता काय? तिने पदर खोचला. तिचा गोळा तीनच किलोचा, हे नोंदवून ठेवतो. डोक्यावरून दोन गरके दिले अन् सोडला. बारा मीटर चाळीस. पंच बघतच राहिले. ती म्हणाली, जवारीवरच्या पाखरांले आमी गोफण अशीच मारत होतो, यात काय हाय?
गोल्ड मेडल आता तिच्या मांडीवर आहे. डब्यातली भाकर तिने आधी मला दिली. ती हातातच धरून बसलो. वाईट वाटलं, खरंच वाटलं.

२८ डिसेंबर
सत्कार झाला. देवमनने यादीत माझं नाव खोडून लिलाचं लिहिलं होतं. शाल तिला. मला लिलाबाईचे मालक म्हणून पहिल्या रांगेत खुर्ची. चार पानं खिशातच राहिली. ती एकच वाक्य बोलली. मालकानं हट्ट केला नसता त मी वाशीमले गेलीच नसती. टाळ्या पडल्या. त्यातल्या निम्म्या माझ्या धरायला हरकत नाही.

५ जानेवारी, सकाळी ७
पुढच्या महिन्यात लिलाची राज्यस्पर्धा. सरावाला गोळा मिळाला आहे. तिला कोच हवाच होता, ती जबाबदारी मी घेतली. पाचला तिनेच उठवलं. तिने एकवीस वेळा गोळा फेकला, मी एकवीस वेळा आणून दिला. तिचं अंतर वाढत चाललंय, हे माझ्या गुडघ्यांइतकं कोणाला कळणार नाही.
घरी येताना म्हणाली, उद्यापासून तीस.