ब्रीदरवरचं फडकं

अब्बा, हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाही, म्हणून लिहायला बरं वाटतंय. तुम्ही गेल्यावर चाचांनी तुमची जुनी मोटार वेल्ह्याच्या रस्त्यावर चालवायला घेतली. विंझरच्या पुढं धूळ फार, म्हणून त्यांनी इंजिनाच्या ब्रीदरच्या नळीवर तुमच्याच जुन्या लुंगीचं फडकं तारेनं घट्ट बांधलं. आतला धूर बाहेर पडायची तीच वाट. ती बुजली आणि सगळ्या सीलांमधून ऑइल गळायला लागलं. परवा चाचा म्हणाले, "इंजिन संपलं. पार्ट बी मिळत न्हाईत आता. भंगारात देऊन टाकू."

मला तुमचं रागावणं आठवलं. गुंजवण्याच्या एका टॅक्सीवाल्याला मी फटकन म्हणाले होते, इंजिन गेलं तुमचं. त्याचा चेहराच उतरला. तुम्ही आपल्या भोरच्या गॅरेजात सगळ्यांसमोर माझ्यावर ओरडलात, "गळतंय म्हणून लगीच गेलं म्हणायचं व्हय? आदी त्याचा श्वास बघ." मग हाताला धरून तुम्ही मला बॉनेटपाशी उभं करता. इंजिन चालू आहे, ऑइल भरायचं झाकण काढलेलं, त्या तोंडावर वर्तमानपत्राचा तुकडा. तुकडा उडतो. तुम्ही ब्रीदरची नळी काढून रॉकेलनं धुता, परत बसवता, पुन्हा तुकडा ठेवता, आणि आता तो जागच्या जागी नुसता थरथरतो. टॅक्सीवाल्याला तुम्ही चहा पाजता, जणू तुमचंच काही वाचलं.

आज मी तसंच केलं. फडकं सोडलं, नळी धुतली. चाचांना म्हटलं, "कागद थांबला तर गाडी घरीच राहील." ते म्हणाले, "राहील की गं. मला काय हौस हाय का?" त्यांनी किल्ली फिरवून इंजिन चालू केलं. कागद ठेवला, उडाला. जाड पुठ्ठा ठेवला, तोही उडाला. नळी मोकळी असून एवढा जोर, म्हणजे आत पिस्टनच्या रिंगाच झिजल्या, इंजिन खरंच संपलं, हे तुम्हीच शिकवलेलं. चाचा खांद्यावरच्या टॉवेलनं तोंड पुसत राहिले.

गाडी उद्या जाईल. मला रडू येतंय अब्बा, आणि तुमच्या शिकवण्याचा थोडा रागही येतोय, कारण चाचांपुढं खोटं बोलता येईना. एक सांगते. ते किल्ली बंद करायला वळले तेव्हा मी "थांबा जरा" म्हणाले आणि त्या उघड्या तोंडावर तळहात धरला. गरम वारा हाताला लागत होता. तपासायचं काहीच उरलं नव्हतं.