पाच पावलांवरची भरलेली बॅटरी

तीर्थरूप मामांस,

भाच्याचा वाकून नमस्कार. (खरोखर वाकूनच लिहितोय, टेबल नाही. साष्टांग घालायचा होता, पण तेवढी जागा नाही.) तुमचा उजवा गुडघा कसा आहे? मामींची पाठ? भुशाने येणारा तुमचा खोकला कमी झाला का? मी मजेत आहे. कागदाबद्दल राग मानू नका. हे डॉक्टरांचं पॅड आहे, वर कोपऱ्यात जे चित्र दिसतंय ते आम्लपित्तावरच्या गोळीचं आहे, त्याचा मजकुराशी काही संबंध नाही. पानांवर आकडे घातले आहेत, कारण पानं तुमच्यापर्यंत एकेक करून पोचायची शक्यता आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करतो. हे पत्र म्हणजे ‘ती चिठ्ठी’ नव्हे. आठ महिन्यांपूर्वी तुमच्या कारखान्यात तुम्ही गिरमिटाने कपाटाला भोक पाडत होता आणि मी माझं नवं बॅटरीचं मशीन मिरवत दोन गिऱ्हाइकांसमोर म्हणालो, की मामा, आता हे गिरमिट संग्रहालयाला देऊन टाका, त्यांना बरं वाटेल. तुम्ही गिरमिट फिरवायचं थांबवलं नाही. भोक पुरं केलं, भुसा फुंकला आणि मग म्हणालात, “तुझी बॅटरी संपेल त्या दिवशी चिठ्ठी पाठव. फोन करू नकोस, मी उचलणार नाही.” तेव्हापासून आपलं बोलणं बंद. तुमचा कारखाना मागच्याच गल्लीत असून मी रोज गिरणीवरून वळसा घालून जातो, हे तुम्हाला ठाऊक असेलच, कारण तुम्हीही तोंड भिंतीकडे करून रंधा मारायला लागलात असं कळलं. तर ती चिठ्ठी मी पाठवणार नाही असं मी घरी, दारी आणि माझ्याबरोबर कामाला असणाऱ्या रंगाऱ्यासमोर सांगून ठेवलंय. हे साधं खुशालीचं पत्र आहे.

खुशाली सांगायची तर मशीनपासूनच सांगायला हवी. मी बिनवायरचं ड्रिल घेतलं ते आमच्या मेहुण्याच्या सल्ल्याने. मेहुण्याने आयुष्यात एकच आरसा टांगलाय आणि तोही आधीपासून असलेल्या खिळ्यावर, पण त्याने मोबाईलवर इतकी मशीनं बघितली आहेत की दुकानदारच त्याला साहेब म्हणायला लागला. दुकानदाराने व्होल्ट सांगितले, मोटरचे प्रकार सांगितले, कोणत्या कामाला किती ताकद लागते ते सांगितलं. मी लग्नाच्या बोलणीत मान हलवतात तशी मान हलवली आणि शेवटी ज्या मशीनचा आवाज छान होता ते घेतलं. (पोपटी रंगाचं आहे. रंगाचा विचार केला नाही असं म्हणणार नाही.) त्यासोबत आलेली बॅटरी लहान होती, मुठीत मावेल एवढी. मेहुणा म्हणाला, ही पोरांच्या खेळण्यातली वाटते, बदलून मोठ्या घे. म्हणून दोन मोठ्या घेतल्या. एकेक बॅटरी इतकी जड आहे की दुपारपर्यंत मी कपाटाला भोकं पाडतो आणि दुपारनंतर बायको माझ्या खांद्याला तेल चोळते.

मग मेहुण्यालाच वाटलं की स्क्रू पिळायला वेगळं मशीन हवं. ते घेतलं दुसऱ्याच कंपनीचं, जांभळं, कारण त्यावर टोपी फुकट होती. घरी आल्यावर कळलं की याची बॅटरी त्याला बसत नाही आणि त्याची याला. चार्जरही वेगळे. दोघी जावांनी एकाच घरात दोन चुली मांडाव्यात तसं झालं. आता रोज सकाळी मी पोपटी मशीन घेऊन निघतो आणि कामावर जाऊन पिशवीतून जांभळी बॅटरी काढतो. टोपी मात्र दोन्हींबरोबर चालते.

वापराबद्दल सांगायचं, तर मशीनच्या गळ्याशी आकड्यांची एक कडी असते. ती लहान आकड्यावर ठेवली की स्क्रू पुरेसा आवळला जाताच मशीन कट्कट् करून थांबतं. शेवटी ड्रिलचं चित्र असतं, तिथे ठेवली की कशालाच थांबत नाही. मी म्हटलं, ताकद विकत घेतलीये तर वापरायची कधी? पहिल्याच दिवशी शिंप्याच्या दुकानात फळी जोडताना कडी चित्रावर ठेवली. स्क्रू फळीतून गेला, खालच्या फळीतून गेला आणि शिंप्याच्या कापड बेतायच्या टेबलात जाऊन बसला. मधे शिंप्याची मापाची पट्टी होती. शिंपी चांगला माणूस आहे. तो आता सगळी मापं त्या टेबलाशी येऊन घेतो, आणि ज्यांची छाती बेचाळीसच्या पुढे आहे त्यांना दुसरा शिंपी सुचवतो.

बिघाडही झाले, लपवत नाही. एकदा मशीन ऐन कामात बंद पडलं, बॅटरी तव्यासारखी तापलेली. मेहुण्याला फोन केला, तो म्हणाला फ्रीजमध्ये ठेव. बायकोला ती संध्याकाळी कोथिंबिरीखाली सापडली आणि पुढचे दोन दिवस मी कोथिंबिरीसारखाच एका कोपऱ्यात गप्प पडून होतो. (नुसतं सावलीत ठेवून अर्धा तास थांबायचं असतं. हे मशीनच्या पुस्तकात पहिल्याच पानावर आहे. पुस्तक मेहुण्याकडे आहे.) दुसऱ्यांदा ड्रिलची सगळी पाती एकदम बोथट झाली. अर्धा तास जोर लावला तरी पातं लाकडात शिरेना, धूर मात्र निघायला लागला. मी तावातावाने दुकानात गेलो, चार लोकांसमोर आवाज चढवला. दुकानदाराने ऐकून घेतलं, एका बोटाने मशीनवरचा एक खटका पलीकडे सरकवला आणि पातं लोण्यात शिरावं तसं शिरलं. मी अर्धा तास उलटं फिरवत होतो. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. तुम्हालाच पहिल्यांदा सांगतोय, का ते मलाही कळत नाही.

असो. सध्या मी डॉक्टरीणबाईंच्या नव्या दवाखान्याचं काम करतोय. उद्या सकाळी नऊला दवाखाना उघडणार, बाहेर खुर्च्यासुद्धा मांडून झाल्या. औषधांच्या कोठीचं दार तेवढं राहिलं होतं, ते आज बसवलं. मामा, दार असं बसलंय की काय सांगू! तुम्ही खाली नाण्याच्या जाडीइतकी फट ठेवायला शिकवलंत, मी त्याहून कमी ठेवली. खालून फक्त कागद जातो, आणि तोही एका वेळी एकच. दार आत उघडतं, बिजागऱ्या आतून आहेत, स्क्रू पूर्ण ताकदीने आवळलेत. दाराच्या जाडीत खाच करून कुलूपही बसवलं. हँडलसाठी आरपार भोक पाडायचं काम चालू आहे, साधारण नखभर पडलंय. मधे जरा विश्रांती म्हणून हे पत्र लिहायला घेतलं.

शेजारी खोक्यावर डॉक्टरीणबाईंच्या सासूबाई बसल्या आहेत. सगळे त्यांना आजी म्हणतात. त्या फळ्या मोजायला आल्या होत्या, आता तिसऱ्यांदा मोजताहेत. तीस वर्षांपूर्वी तुम्ही त्यांच्या स्वयंपाकघराला मांडणी केली होती, तिचा एक कप्पाही हलला नाही, असं त्या मला दर दहा मिनिटांनी सांगताहेत. त्यांचा तुम्हाला नमस्कार. पत्र फार लांबलं आणि मुद्द्यावर ये, असंही त्या म्हणताहेत, पण खुशालीच्या पत्राला मुद्दा कसला?

मामींना नमस्कार. गुडघ्याला जपा.

आपला भाचा
(बोलणं बंद असलं तरी भाचा आहेच)

ता. क. – सहज आठवलं म्हणून विचारतो, ते गिरमिट अजून आहे ना? संग्रहालयाला दिलं नसेल तर आज जरा बघायला मिळेल का? घाई नाही.

ता. क. २ – आजी म्हणताहेत घाई आहे. त्यांनी आता पॅड हातात घेऊन आधीचं सगळं वाचलं आणि म्हणाल्या, खरं लिही नाहीतर मी लिहिते. तर खरं असं, की आम्ही कोठीत अडकलोय. हँडलचं भोक आधी पाडायचं आणि कुलूप नंतर बसवायचं, हा तुमचा क्रम, कारण हँडलशिवाय हे कुलूप आतूनही उघडत नाही. मला कुलपाचा ‘खट्’ आवाज ऐकायची घाई झाली, म्हणून मी कुलूप आधी बसवलं. मग आत उभा राहून भोक पाडायला लागलो, आजी फळ्या मोजायला आत आल्या, नखभर भोक पडलं आणि बॅटरी संपली. ती बदलायला मी वळलो, तेवढ्यात वाऱ्याने दार लागलं. ‘खट्’ आवाज आला. फार सुरेख आवाज आहे.

ता. क. ३ – तुम्ही विचाराल, दुसरी बॅटरी? ती बाहेर चार्जरवर आहे. कोठीच्या झरोक्यातून मला ती दिसते, पाच पावलांवर, पूर्ण भरलेली, हिरवा दिवा लागलेला. रंगाऱ्याने ती झरोक्यापर्यंत आणली, पण गजांतून ती येत नाही. (गज जवळजवळ बसवा, मांजर शिरेल, असं मीच सांगितलं होतं.) लहान बॅटरी आली असती. ती मी बदलली. जांभळी बॅटरी गजांतून आरामात आली, ती आता आजींच्या मांडीवर आहे, आणि तिचं मशीन मेहुण्याने परगावी नेलंय. बिजागऱ्यांचे स्क्रू काढावेत, तर पूर्ण ताकदीने आवळल्यामुळे त्यांच्या डोक्यावरची फुली गुळगुळीत झालीये. पातं हाताने फिरवून पाहिलं, चिमूटभर भुसा आणि एक फोड निघाला. रंगारी दार फोडू का म्हणतोय. आजी म्हणाल्या, इतकं सुबक दार फोडलंस तर तुला कोठीत घालीन. हे ऐकून मला किती बरं वाटलं ते या परिस्थितीत सांगणं शोभत नाही.

ता. क. ४ – मामा, आता विनोद बाजूला. उद्या नऊला हे दार उघडलं नाही तर माझं नाव जाईल, असं मी आजींना म्हणालो. त्या म्हणाल्या, तुझं नाही, तुझ्या मामाचं जाईल. मग त्यांनी सांगितलं की डॉक्टरीणबाई आधी तुमच्याकडे आल्या होत्या आणि हे काम माझ्या भाच्याला द्या, असं तुम्ही सांगितलंत. हात चांगला आहे, मशीनचा नाद आहे तो उतरेल, असं म्हणालात म्हणे. मला हे आज, या खोक्याशेजारी बसून कळलं. आठ महिने मी गिरणीवरून वळसे घालत होतो आणि तुम्ही भिंतीकडे तोंड करून माझ्यासाठी कामं पाठवत होता. मला फार लाज वाटली. डोळ्यांत पाणीही आलं. आजींनी विचारलं तेव्हा भुसा गेला म्हणालो, तर म्हणाल्या, चिमूटभर तर काढलास.

ता. क. ५ – म्हणून लिहितो, मामा, ही तीच चिठ्ठी आहे. बॅटरी संपली. फोन केला नाही.

गिरमिट रंगाऱ्याच्या हाती देऊ नका, तुम्ही स्वतः या. भोक बाहेरून पाडायला हवं आणि लाकडाच्या पोटात कुलूप आहे. भरलेली बॅटरी मिळाली असती तरी मशीन लाकडातून थेट कुलपात घुसलं असतं आणि त्याचा चुरा केला असता, कारण त्याला कशालाच थांबायचं कळत नाही. लाकूड संपून लोखंड लागलं, हे गिरमिटाच्या मुठीतून हाताला कळतं. ते फक्त तुमच्या हाताला कळतं. बाहेरच्या बाजूला मी खूण केलेली नाही. तुम्हाला लागणार नाही. हँडलचा दांडा गजांतून रंगाऱ्याकडे दिलाय.

ता. क. ६ – गुडघ्याला जपा असं वर लिहिलंय ते खोडलेलं समजावं. आजींनी आत येताना थर्मास आणला होता. आम्ही दोघांनी मिळून पाच कप चहा संपवला, त्यातले चार त्यांनी. त्या आता फळ्या मोजत नाहीत. पळत या.