पिन, लाल रिबन आणि माझा कडक सलाम

३ मार्च
...आणि म्हणूनच म्हणतो, पुशबॅक माझ्या डाव्या हातचा मळ आहे. टगने, म्हणजे त्या बुटक्या ट्रॅक्टरने, विमान मागे ढकलायच्या आधी पुढच्या चाकापाशी पिन घालायची, म्हणजे पायलटला चाक वळवता येत नाही आणि टग आणि विमान जोडणारा दांडा, टोबार, फिरून कोणाचे पाय मोडत नाहीत. ढकलून झालं की पिन काढायची, लाल रिबनसकट पायलटला दाखवायची. मग अंगठा, मग सलाम. इतकं सोपं की नोट्सच घेतल्या नाहीत. शुक्रवारी प्रॅक्टिकल. पास झालो तर पायलटशी बोलायचा हेडसेट माझा. नापास झालो तर पुन्हा तीन महिने विमानात बॅगा चढवायच्या.

४ मार्च
संकल्प : आरशासमोर रोज पन्नास सलाम.
संध्या. ७ : बारा झाले. क्वालिटी महत्त्वाची.

५ मार्च
ताई गाडी रिव्हर्स घेत होती. मी स्वतःहून सिग्नल दिले, अगदी मॅन्युअलप्रमाणे. आरसा गेटला घासला. ताई म्हणते, तोंड होतं ना, थांब म्हणायला काय झालं होतं. रॅम्पवर, विमानं उभी असतात तिथे, तोंडाने बोलत नाहीत, हे तिला कोण समजावणार.

६ मार्च
टगवाल्या काकांनी विचारलं, पिनचं लक्षात आहे ना बाळा. म्हणाले, पंचवीस वर्षं झाली, मी अजून मोठ्याने म्हणतो : काढली, दाखवली. वय झालं की होतं असं. मी आदराने हसलो.

७ मार्च, सकाळी ९.४०
प्रॅक्टिकल. विमान ढकलून झालं, पिन काढली. हरवू नये म्हणून जॅकेटच्या आतल्या खिशात टाकली, वर चेन. बाजूला जाऊन अंगठा. सलाम. विमान हलेना. आणखी कडक सलाम. पायलटने काचेतून हात हलवला. मीही हलवला. वाटलं, माणूस भारावलाय. पाचव्या सलामापर्यंत मागे आणखी एक विमान येऊन खोळंबलं. शेवटी काका धावत आले, माझ्या जॅकेटची चेन उघडली आणि रिबन वर धरली. विमान लगेच निघालं.

८ मार्च
परीक्षा घेणारे सर म्हणाले, पिन डोळ्यांनी बघितल्याशिवाय पायलट हलत नाही, समोरचा कितीही सुंदर सलाम ठोकू दे. ‘सुंदर’ हा शब्द त्यांचाच.
दिवसभर बॅगा. उचलताना तोंडातून आपोआप, काढली, दाखवली. शेजारच्या लोडरने विचारलं, बॅग कोणाला दाखवतोयस.
पण मला एक सांगा, पायलटने हात हलवला तेव्हा तुम्हाला तरी काय वाटलं असतं?