भोपळ्याच्या गाठी

ता. ३ जानेवारी
चि. चिमणीस, मामाचे पोटभर आशीर्वाद.

नोकरीसाठी गेलीस आणि तुझा भोपळ्या माझ्या शिलाई मशीनखाली ठाण मांडून बसला. कुत्रं कसलं, पाहुणा जावईच. थंडीसाठी त्याला कोट शिवावा म्हणून गळ्याचं माप घेतलं, तर जबड्याखाली दोन्हीकडे गाठी लागल्या, कोटाच्या बटणाएवढ्या. खातोही अर्धंच. मामी म्हणते, पोरीला कळवू नका, धावत येईल. पण तुझ्यापासून लपवून मला घास गिळवेना.

तुझ्या मायेचा वाटेकरी,
मामा

ता. ८ जानेवारी
ती. मामांस, सा. न. वि. वि.

पत्र वाचलं आणि तडक दवाखाना गाठला. इथल्या जनावरांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गाठी नुसत्या जबड्याखाली असतील तर दातही दुखत असेल. पण खांद्यापुढे, गुडघ्यांमागेही असतील तर दुखणं अंगभर असू शकतं. हात लावून बघा आणि कसंही असो, दवाखान्यात न्याच. अंगभर असलं तर मी राजीनामा देऊन येते. आईनं वाढवलेलं कुत्रं आहे ते. आईच्या वेळी पोचले नाही, याच्या वेळी पोचेन.

मामीला नमस्कार, तुम्हाला धाक,
चिमणी

ता. १६ जानेवारी
चि. चिमणीस अनेक आशीर्वाद.

आधी हे वाच: भोपळ्या बरा आहे.

तुझं पत्र आलं तसा अंगातल्या नव्या कोटावरूनच हात लावला, तर मागच्या दोन्ही गुडघ्यांमागे गाठी. मी मशीनखाली त्याच्याशेजारीच जाऊन बसलो. मामीनं दोघांनाही ओढत दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी कोट उतरवला, तशा त्या गाठीही उतरल्या. भोपळ्या कोट फेडून टाकतो म्हणून मामीनं नाड्या मागच्या पायांना दुहेरी गाठ मारून बांधल्या होत्या. जन्मभर शिवणकाम केलं आणि नाडीची गाठ ओळखता आली नाही. मामी अजून हसते आहे.

जबड्याखालच्या मात्र खऱ्याच. दाढ चिरून आत पू झाला होता. दाढ काढली. गाठीतलं सुईनं घेऊन तपासलं, वाईट काही निघालं नाही. सूज ओसरते आहे आणि साहेब माझ्या ताटाकडे बघायला लागलेत.

राजीनामा देऊ नकोस. पण सुट्टी काढून ये. तुझी आई गेल्यापासून आपली नीट गाठच पडली नाही. एवढी एक मात्र मला हवी आहे.

वाटेकडे डोळे लावून,
मामा, मामी आणि दाराशी बसलेला भोपळ्या