अंड्याचं सेंटर

सोमवार, ८ फेब्रुवारी

चि. ठकूस अनेक आशीर्वाद.

आम्ही दोघं ठीक आहोत, तूही असशील. पाकिटावर माझं अक्षर बघून दचकली असशील, म्हणून आधी खुलासा करतो. तुझ्या आईचा उजवा हात मनगटापाशी प्लास्टरमध्ये आहे. बाथरूममध्ये पाय घसरला. हाड जागेवर बसलंय, तीन आठवड्यांत प्लास्टर निघेल. "ठकीला फोनवर सांगू नका, उगाच सगळं टाकून धावत येईल," असं तिने मला बजावलंय. पत्राने कळवू नका असं काही ती म्हणाली नाही.

बाकी नवीन काही नाही. गॅलरीच्या दाराला तेल दिलं, आता करकरत नाही. समोरच्या शिंपीणबाईंनी मांजर पाळलंय. ते जेवतं आमच्याकडे आणि झोपतं त्यांच्याकडे.

आता मुख्य बातमी. मी तुझी ती डेव्हिल्ड एग्ज केली, उकडलेली अंडी अर्धी कापून बलक कालवून परत भरायचा, ती. अवोकाडो घालून. चोवीस अंडी, म्हणजे अठ्ठेचाळीस अर्धी. हस, हस. चहा करताना भांडं जाळणारा माणूस मीच, हे मलाही माहीत आहे.

झालं असं, की आमच्या लेथ सेक्शनची निवृत्त मंडळी वर्षातून एकदा फोरमनच्या गच्चीवर जमतात. प्रत्येकाने घरून काहीतरी करून न्यायचं. एरवी तुझी आई करते आणि मी डबा उचलतो. यंदा तिचा हात गळ्यात. मी म्हणालो, बिस्किटांचे पुडे नेतो. तर म्हणते, "चाळीस वर्षं लोखंड कापलंत आणि अंडं कापता येत नाही?" झोंबलं मला. मग तिने तिची वही काढून दिली. तू फोनवर सांगितलेलं सगळं तिने त्यात उतरवून ठेवलंय.

ठकू, ही कृती आहे की कोडं? 'अवोकाडो अंदाजाने.' 'मोहरीची पेस्ट किंचित.' किंचित म्हणजे किती? एवढी मशीनची ड्रॉइंग काढायला शिकलीस आणि एक माप धड लिहून देत नाहीस.

पहिली खेप पार वाया गेली. ताजं ते चांगलं, म्हणून त्याच सकाळची अंडी आणली. टरफल निघेना, निघालं की पांढऱ्याचा लचका घेऊन. अवोकाडो तर दगड. आता कडक लोखंड मऊ करायचं तर आम्ही काय करतो? भट्टीत तापवतो आणि सावकाश गार होऊ देतो. मी दोन अवोकाडो ओव्हनमध्ये ठेवले. तासाभराने मऊ झाले खरे, पण असे कडू, की तुझी आई चमचा तोंडात घालून, हात मोडलेला विसरून, सिंककडे पळाली. "अहो, फळ आहे ते, लोखंड नव्हे!" उरलेले तिने केळ्यांबरोबर कागदात गुंडाळून ठेवले. तीन दिवसांत अंगठ्याने दाबले जायला लागले.

दुसऱ्या खेपेला आठवडाभर आधीची अंडी घेतली. टरफलं झकास सुटली, पण बारातली चार भरताना फाटली. बघतो तर बलक एका कडेला. एका बाजूची भिंत जाड आणि दुसरी कागदाएवढी. ते बघून मला एकदम बरं वाटलं, कारण हे दुखणं माझ्या ओळखीचं. लेथवर नळी मधोमध धरली गेली नाही, तर तिचीही भिंत अशीच एकीकडे पातळ पडते. सेंटर चुकलं, असं आम्ही म्हणतो. मग तिसऱ्या खेपेला अंडी पाण्यात सोडल्यापासून पाच-सहा मिनिटं लाकडी चमच्याने हळूहळू गोल फिरवत राहिलो. पांढरं घट्ट होऊन बलक जागेवर बसला, तेव्हा फिरवणं थांबवलं. सगळी कापली. बलक बरोब्बर मधोमध! मी कॅलिपर लावून भिंती मोजल्या. अर्ध्या मिलिमीटरचा फरक. तुझी आई म्हणाली, यांना वेड लागलंय. लागू दे.

तुझीही अंडी एका बाजूने फाटतात, गिऱ्हाइकापुढे ठेवता येत नाहीत, असं तू आईला सांगत होतीस ना? मग फिरवून बघ. मला कसं कळलं म्हणशील, तर तुमचा फोन चालू असताना मी पेपर वाचत नसतो, नुसता समोर धरून ऐकतो. चार वर्षांत एक पेपर मी धड वाचलेला नाही.

माप पण लिहून ठेव. सहा अंड्यांना एक मध्यम अवोकाडो, लिंबाचा रस दोन चमचे, मोहरी अर्धा चमचा. लिंबात हात आखडू नकोस, नाहीतर सारण काळं पडतं. उघडं लोखंड गंजू नये म्हणून आम्ही ऑइल लावतो, तसंच हे.

गच्चीवर डबा उघडला. फोरमनने एक उचललं, मग लगेच दुसरं. "हा काही वहिनींचा हात नाही," म्हणाला. "कोणी केलं?" मी म्हणालो, मी. कोणाचा विश्वास बसेना. मग त्याने विचारलं, "कृती कोणाची?"

इथे मी पेन ठेवून पाणी पिऊन आलो.

ठकू, तू ड्रॉइंगची नोकरी सोडून हॉटेल काढलंस तेव्हा मी जे बोललो, ते तुझ्या लक्षात असणारच. "अंडी सोलायला शिकवलं का तुला?" ते तू ऐकलंस. त्यानंतरचं तुला ठाऊक नाही. त्यानंतर मी या मंडळींना सांगत राहिलो, की मुलगी अजून कंपनीतच आहे. दरवर्षी गच्चीवर तुला बढती देऊन यायचो. गेल्या वर्षी तर परदेशी पाठवून आलो. तू प्रत्यक्षात पहाटेपासून चुलीपुढे उभी, आणि मला तुझी लाज वाटत होती. हे खोडत नाही. लाज वाटत होती.

मी फोरमनला म्हणालो, "माझ्या मुलीची."

आमच्यातला वेल्डर म्हणाला, "ती तर परदेशात ना रे? तिकडे अंडी उकडते का?"

"परदेशात नाही," मी म्हणालो. "तिचं स्वतःचं हॉटेल आहे. सहा टेबलं. लोक जागेसाठी बाहेर ताटकळतात. मी चार वर्षं तुम्हाला थापा मारल्या. हे सगळं तिचं आहे, आणि तिच्याइतकं चांगलं मला जमलेलं नाही."

फोरमनने तिसरं अर्धं तोंडात टाकलं, सावकाश खाल्लं आणि म्हणाला, "थापा मारल्यास त्या मारल्यास. पण चार वर्षं हे आम्हाला खाऊ घातलं नाहीस, त्याला माफी नाही."

डबा चाटूनपुसून रिकामा परत आणला. कारखान्यात उत्तम कामाचं पदक मिळालं, तेव्हाही माझी छाती एवढी फुगली नव्हती. त्यात थोडा वाटा माझ्या अंड्यांचा. बाकी सगळा तुझा. तुझा मला फार अभिमान वाटतो, ठकू. हे मी तुला आधी सांगायला हवं होतं, गच्चीवर नंतर.

प्लास्टर निघालं की आम्ही दोघं येऊ, तू ये म्हणालीस तर. आईला खिडकीजवळचं टेबल दे. मला टेबल नको. आत स्वयंपाकघरात एक स्टूल आणि पाण्याचं पातेलं दे. माझ्याशी बोलावंसं वाटलं नाही तर नको बोलूस, मी कामात असेन.

अंडी सोलायला शिकलेला,
तुझा बाबा