यंदा कोणाच्या नावावर

सोमवार, २ मार्च

कंपनीचं पत्र आलंच. गॅस आणि वीज, दोन्हींवरची सवलत महिनाअखेर संपते. एक एप्रिलपासून आम्ही जुने गिऱ्हाईक, म्हणजे पूर्ण दर. नव्याचे नऊ दिवस म्हणतात, इथे नव्याचे बारा महिने – आणि तेराव्या महिन्यात कोण तुम्ही, कुठले तुम्ही!

तर पुन्हा कंपनी बदलणं आलं. यंदा पाळी नवऱ्याची, कॉर्मकची. आमच्या घरात एक वर्ष करार माझ्या नावावर, एक वर्ष त्याच्या. बिलावर ज्याचं नाव, भिंतीवरचं हीटिंगचं बटण त्याच्या हाती. लग्नाला इतकी वर्षं झाली, दुसऱ्या कुठल्या तहानं एवढी शांतता दिलेली नाही.

त्याच्या वर्षात मी दोन स्वेटर घालून वाचत बसते. कॉन्व्हेंटमध्ये निजायच्या खोलीत भिंतीलगत एकच कोमट नळी होती, आम्ही मुली तिला मांजरींसारख्या बिलगायचो. सिस्टर बेनिग्नस म्हणायच्या, "थंडी वाजते? ती देवाला अर्पण करा, परलोकात अडकलेला एखादा आत्मा सुटेल." कॉर्मकच्या वर्षांत मी निदान एक गल्ली भरेल एवढे आत्मे सोडवले असतील. आणि माझ्या वर्षात हा शर्टाच्या बाह्या वर करून, स्पेनला आल्यासारखा सुस्कारे टाकत फिरतो.

जेवताना पत्र त्याच्या बशीला टेकवून ठेवलं. म्हणाला, "बघू."

बुधवार, ४ मार्च

सकाळी हॉस्पिटल. कॉर्मकचा नाताळापासूनचा खोकला जात नाही म्हणून डॉक्टरांनी छातीचा स्कॅन सांगितला होता. तो स्कॅन करणाऱ्या मुलीला म्हणाला, "आत शर्टाचं एखादं बटण सापडलं तर ठेवून घे, पोरी. लहानपणी मी बरंच काही गिळलंय." ती हसली. निकाल महिनाअखेरीला कळवतील. परतताना दोघांनी मिळून तळलेला मासा खाल्ला. चिप्स सगळ्या त्यानंच.

रविवार, ८ मार्च

चर्चमधल्या मासहून आल्यावर शेजारची नोरीन टूमी चहाला. नोरीनचं गॅस-विजेचं ज्ञान एवढं की कंपन्यांनी तिला पगार द्यावा. दाराशी कोट काढता काढताच, "केलंत का?"

"कॉर्मकची पाळी आहे," मी म्हटलं.

"अरे देवा. म्हणजे राहिलंच."

मग ती जुनी गोष्ट पुन्हा निघाली. असाच एकदा त्यानं कंपनी सोडायला फोन केला होता. मी दोन ओळी लिहून दिल्या होत्या – सोडतो आहे, धन्यवाद. फोन उचलणाऱ्या मुलीच्या बोलण्याचा हेल ऐकून यानं विचारलं, कुठली गं तू? ती निघाली किलब्रिटनची. कुणाची? ओ'ड्रिस्कॉलांची. म्हणजे डॅनची नात? डॅन आणि कॉर्मकचे काका एकाच संघातून हर्लिंग खेळलेले. झालं. डॅनच्या नातीला "तुमची कंपनी सोडतो" म्हणायचं कसं? फोन ठेवताना सात वेळा "बाय, बाय" म्हणून झालं, आणि आम्ही पूर्ण दरानं आणखी एक वर्ष तिथेच!

"तुझा नवरा कंपनी बदलायला फोन करत नाही गं," नोरीन म्हणाली, "सोयरीक जमवायला करतो."

"पोरगी चांगली होती," कॉर्मक वर्तमानपत्राआडून बोलला.

"चांगली असणारच. तिच्या लग्नाचा खर्च तुम्ही केलात."

तो हसला आणि हसता हसता खोकायला लागला. नोरीननं बिस्किटांची बशी उगाच सरळ केली.

गुरुवार, १२ मार्च

आज मीच नव्या कंपनीचा नंबर लावून फोन त्याच्यापुढे धरला. ज्याच्या नावावर करार, त्यानंच बोलावं लागतं. ते बोलणं रेकॉर्ड करून ठेवतात.

यानं हात मागे घेतले. "यंदाही तुझ्याच नावावर घे ना."

"सलग दोन वर्षं? बटण माझ्या हातात? बरा आहेस ना?"

"घे गं. तुला ऊब आवडते."

इतक्या वर्षांत हा साक्षात्कार आजच कसा झाला? काहीतरी डाव आहे. म्हटलं, नाही, नियम म्हणजे नियम. फोनमध्ये तोवर वाजणारं संगीत थांबून एक मुलगी हॅलो, हॅलो करायला लागली होती. मी घाबरून ठेवून दिला – "बाय"सुद्धा न म्हणता. दिवसभर वाईट वाटलं.

मंगळवार, १७ मार्च

सेंट पॅट्रिकचा दिवस. मिरवणुकीला गेलो नाही. बाहेर बोचरा वारा. कॉर्मकनं स्वतः उठून हीटिंग वाढवलं.

शुक्रवार, २० मार्च

आज जरा जास्तच चिडवलं मी. म्हटलं, "फोनवरच्या मुलींना घाबरतोस का आता? का किलब्रिटनवालीला वाईट वाटेल म्हणून?" तो बूट घालायला लागला. म्हटलं, "अरे, पाच मिनिटांचं काम आहे."

"काम पाच मिनिटांचं. करार वर्षाचा आहे, फिडेल्मा."

"मग?"

"वर्षाचा," तो पुन्हा म्हणाला आणि परसात रुबार्बचे कोंब बघायला गेला. रुबार्ब अजून बोटभरही वर आलेलं नाही.

मी बटाटे सोलत उभी राहिले. मग सुरी खाली ठेवून त्याच्या मागे गेले. तो वाफ्यापाशी वाकलेला. माझ्याकडे न बघताच बोलला, "किटीचं आठवतं?"

किटी म्हणजे त्याची बहीण. तिचा नवरा गेला तेव्हा घरातली सगळी बिलं त्याच्या नावावर होती. महिनोन्‌महिने ती फोनवर एकेका मुलीला सांगायची की ते वारले. आणि पलीकडून विचारायचे, बरं, मग त्यांना जरा फोनवर देता का? एकदा ती आमच्याच स्वयंपाकघरातून बोलत होती. "देते हं," म्हणाली, आणि रिसीव्हर टेबलावर ठेवून रडत बसली.

"तुला ते नको," कॉर्मक म्हणाला. "तुझ्या नावावर असलं की सुटसुटीत."

सुटसुटीत! मी म्हटलं, "नुसता फोटो काढलाय छातीचा. अजून निकालही नाही, आणि तू निघालास सामान बांधून." आवाज मला हवा होता त्यापेक्षा मोठा निघाला. तो म्हणाला, "आत जा, थंडी आहे." गेले नाही. दोघं उभे राहून ते न आलेलं रुबार्ब बघत होतो.

मंगळवार, २४ मार्च

हॉस्पिटलचा फोन. शुक्रवारी या, दोघंही या.

'दोघंही' कशाला, ते विचारायचं धैर्य झालं नाही.

शुक्रवार, २७ मार्च

उजव्या फुप्फुसात आहे. लहान आहे, पण तेच आहे. ईस्टरनंतर उपचार सुरू. डॉक्टरीणबाई तरुण, शांत. खोटा दिलासा दिला नाही, घाबरवलंही नाही. "उपाय आहे," म्हणाल्या, "पण तुमची साथ हवी." किती वर्षं, ते आम्ही विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. उठताना कॉर्मकनं विचारलंच, "तुम्ही कुठल्या?" स्किबरीनच्या निघाल्या. तो पुढे कुणाच्या, काय, विचारेल म्हणून मी थांबले. त्यानं विचारलं नाही.

बसमध्ये म्हटलं, "सोमवारी मी लावते फोन. माझ्या नावावर घेऊन टाकू." त्यानं माझा हात आपल्या कोटाच्या खिशात घातला. खिशात जुना रुमाल आणि खोकल्याची गोळी.

रविवार, २९ मार्च

नोरीन सूप ठेवून गेली. गॅसबद्दल एक शब्द बोलली नाही. तेव्हा कळलं, तिला कळलंय.

सोमवार, ३० मार्च

कपडे वाळत घालून आत आले तर हा फोनवर. त्याच्याच नावावर. आणि एका वर्षाचा नाही – दोन वर्षांचा करार! पलीकडची मुलगी बजावत होती, मलाही ऐकू आलं: "मुदतीआधी सोडून गेलात तर दंड बसेल हं, सर."

"पोरी," कॉर्मक म्हणाला, "मुदतीआधी जायचा माझा विचार नाही."