न बघता धुतलेला कप

मेर्सिहा,

ओव्हनमध्ये पालक भरलेली पिटा आहे, मुलाखतीला निघण्याआधी खाऊन घे. मी झुम्रेता मावशीकडे जातेय. फोन मुद्दामच फ्रीजवर ठेवलाय, नाहीतर तुझी बस साराजेव्होला पोचेपर्यंत मी तुला दहादा फोन करेन.

मागच्या वर्षी तुझं भविष्य बघताना तुझ्या कपातल्या कॉफीच्या गाळात मला तुटलेला रस्ता दिसला आणि मी तुला मुलाखतीला जाऊ दिलं नाही. ती नोकरी शेजारच्या अमेलाला मिळाली. ती रोज त्याच रस्त्याने जाते-येते. तू मला कधी बोलली नाहीस, तेच जास्त लागतं.

काल संध्याकाळी मी न सांगताच तू कप बशीवर पालथा घातलास आणि विचारलंस, "काय दिसतंय गं?" तुझा चेहरा अगदी माझ्यासारखा धास्तावलेला झाला होता. मी डोकं दुखतंय म्हणून उठले, आठवतं?

आज सकाळी तो कप न बघता धुतला. डोळे मिटूनच धुतला, त्यात बशी निसटून फुटली. तुकडे भरलेत, तरी स्वयंपाकघरात चप्पल घालून ये. आणि त्या बशीचा काही अर्थ लावत बसू नकोस. हाताला साबण होता, एवढंच.

आई